उड्यांच्या खाटेचा पहिला नियम

त्या दिवशी मूल कोठेही पडले नाही. हे वाक्य मी दोन दिवसांत अनेकांना ऐकवले आणि प्रत्येक वेळी ते खरे होते. खाली माती होती, तिच्यावर ते पडले नाही. लोखंडी चौकटीवर आपटले नाही. स्प्रिंगांमध्ये त्याचा पाय अडकला नाही. ते कापडावर होते आणि कापडावरच राहिले. एवढ्या खऱ्या निरीक्षणांतून मी जो निष्कर्ष काढला तो साफ चुकीचा होता. त्या चुकीचा धक्का दोन वर्षांनंतरही कमी झालेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

पिंपरीच्या माळावर कारखाना नुकता उभा राहत होता तेव्हा मी तेथील प्रयोगशाळेत नोकरीला लागले. विज्ञानाची पदवी हातात होती, परदेशी जाऊन पुढे शिकण्याचा अर्ज टेबलाच्या खणात होता, आणि प्रत्येक कामात आपण इतरांपेक्षा एक पाऊल पुढे दिसले पाहिजे असा माझा आग्रह होता. कामगारांच्या चाळीशेजारी आम्हा मोजक्या स्त्री-कर्मचाऱ्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या. मागच्या बाजूला कुंपणापर्यंत मोकळी जागा होती. तेथे कपडे वाळत, शेण्या थापल्या जात आणि मुले खेळत.

यंत्रे बसवण्यासाठी आलेला परदेशी इंजिनिअर मायदेशी परतला तेव्हा त्याच्या बंगल्याच्या परसात एक विलक्षण वस्तू मागे राहिली. कमरेइतक्या उंचीची लोखंडी चौकट, तिला चारही बाजूंनी जोडलेल्या स्प्रिंगा आणि त्यांच्यावर ताणून बसवलेले जाड कापड. तो तिला ट्रॅम्पोलीन म्हणे. ते नाव आमच्याकडे कोणाच्याच जिभेवर बसले नाही. मुलांनी तिला ‘उड्यांची खाट’ म्हटले आणि तेच नाव रुळले. ती चाळीमागे आणून बसवण्याचे काम माझ्या शेजारच्या फिटरने केले. तो साताऱ्याकडचा, हाताने कुशल आणि तोंडाने मिस्कील. “बाई, लोखंडाचं मी बघतो,” तो म्हणाला, “पण ही वस्तू पोरांसाठी बरी का वाईट, ते तुमचं शास्त्र सांगंल.”

मला हेच हवे होते. आम्ही दोघांनी गोदामातल्या काट्यावर वाळूची पोती तोलली आणि डोक्याएवढ्या उंचीवरून कापडावर टाकली. मोठ्या माणसाच्या दुप्पट वजन टाकले तरी कापड उसवले नाही. दोन स्प्रिंगा सैल निघाल्या, त्या फिटरने बदलल्या. चौकटीच्या कडांवर यंत्रे पुसायच्या सुताचे बोळे भरलेली गोणपाटाची उशी शिवून घेतली. वर कपड्यांची तार येत होती, ती हलवली. खालच्या मातीतले दगड वेचून काढले. मग एका फळीला काळा रंग देऊन मी पांढऱ्या अक्षरांत नियम लिहिले: एका वेळी एकच. मधोमध उडावे, कडेला जाऊ नये. कोलांटी मारू नये. उतरताना उडी टाकू नये, बसून घसरावे. चारही बाजूंना चार मोठी माणसे उभी असल्याशिवाय कोणी चढू नये.

फिटरने पाटी वाचून मान हलवली. “आता पोरं आधी परीक्षेला बसतील आन् मग उड्या मारतील.”

“बसू देत. हातपाय मोडण्यापेक्षा बरं.”

“तुमच्या पाटीला बघूनच मोडणारं हाड परत जुळंल, बाई.”

आम्ही दोघेही हसलो. नियमांची एक प्रत मी टिपणासह वरिष्ठांकडे पाठवली. तिची दखल घेतली जाईल आणि माझ्या शिफारसपत्रात एक ओळ वाढेल अशी माझी अपेक्षा होती, हे येथे लपवण्यात अर्थ नाही.

दोन महिने कोणाला ओरखडाही उठला नाही. मुले भिंतीलगत ओळीने बसत. प्रत्येकाला वीस उड्या; त्या सगळ्यांनी मिळून मोठ्याने मोजायच्या. ‘एका वेळी एकच’ हा नियम तर मुलांनी इतका अंगी बाणवला होता की दुसऱ्याने नुसता हात कापडावर टेकवला तरी कोलाहल होई. मी दर रविवारी सकाळी तेथे उभी राहून समाधानाने हे पाहत असे.

त्या रविवारी सकाळी मी एका बाजूला होते, माझ्यासमोर फिटर, उरलेल्या दोन बाजूंना चाळीतल्या दोन बायका. फिटरच्या मुलीची पाळी आली. नऊ वर्षांची, काटक, चपळ. तिचा दीड वर्षाचा भाऊ दिवसभर तिच्या डाव्या कडेवर असे, कारण आई पाणी, धुणे आणि स्वयंपाक यांत बुडालेली. त्या चाळीत त्या वयाच्या बहुतेक मुलींच्या कडेवर एकेक भावंड होते. एरवी ही मुलगी पाळी आली की त्याला मैत्रिणीकडे देई. ती मैत्रीण आठवडाभर गावी गेली होती. म्हणून ती भावाला घेऊनच वर चढली. मुलांनी ओळीकडे पाहिले, कापडाकडे पाहिले आणि मोजायला सुरुवात केली. मीही म्हणाले, “हं, चल. मधोमध.”

दहाव्या उडीला भाऊ तिच्या कडेवरून सटकून कापडावर उभा राहिला. ती त्याच्या शेजारी खाली आली. कापड खोल गेले, वर उसळले, तो वीतभर उडाला आणि पुन्हा पायांवरच उतरला. मुलांचा आवाज ‘अकरा’ म्हणाला. मग मूल बसले आणि त्याने जी किंकाळी फोडली, तिने मोजणे थांबले.

फिटरने त्याला उचलले. आई ओल्या हातांनी धावत आली. मी पुढे होऊन पाय तपासला. जखम नव्हती, रक्त नव्हते, डोळ्यांना दिसेल अशी सूज नव्हती. मी उभी राहिले आणि ज्या आवाजात प्रयोगशाळेत निकाल सांगत असे त्या आवाजात म्हणाले, “वहिनी, घाबरू नका. तो पडलेला नाही. कापड मऊ आहे, सगळा धक्का कापडानं घेतला. हाड मोडणं शक्यच नाही. भ्यालाय फक्त. फार तर मुका मार असेल.”

“मग त्येल लावून चोळू का?”

“चोळा.”

तिने तेल कोमट केले आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय चोळला, पिळला, ओढला, लहान मुलांना न्हाऊ घालताना बायका ओढतात तसा. मूल निळे पडेपर्यंत रडत होते. त्याचे हात मी धरून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जमिनीवर उभे केले तर त्याने डावा पाय वर उचलून घेतला. उजव्यावर क्षणभर तोल सांभाळला आणि बसला. पुन्हा उभे केले, पुन्हा तेच. मी कामावर निघाले होते, दारातच थांबले. त्याच वेळी नदीपलीकडच्या वाडीतून दूध घेऊन येणारी म्हातारी आली. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेती, आणि पंचक्रोशीतल्या गुरांची व माणसांची हाडे बसवण्याबद्दल तिची ख्याती होती. मी तिच्याकडे कौतुकाने नव्हे, काहीशा संशयाने पाहत असे. आता ही पाय ओढून बसवायला लागली तर हिला अडवायचे, असे मी मनाशी ठरवलेही.

तिने पाय ओढला नाही. हाताची उलटी बाजू आधी एका गुडघ्याखाली ठेवली, मग दुसऱ्याखाली.

“कुनी चोळलं ह्याला?”

“मीच, आजी,” आई म्हणाली.

“आता कुनी हात लावू नगा. हितं ऊन लागतंय. ह्यो पाय गार हाय. मोडलंय.”

“आजी, तो पडलेलाच नाही,” मी म्हणाले.

“पडलंय असं मी कुठं म्हनलं? मोडलंय म्हनलं.”

“पण मऊ कापडावर मोडेल कसं?”

“ते तू सांग, बाय. शिकल्याली तू हायस.” तिने मान वर केली नाही. “वर कितीजन हुती?”

“एकच. आम्ही एका वेळी एकच सोडतो. नियमच आहे तो, पाटीवर लिहिलाय.”

“एक म्हंजी कोन?”

“ही मुलगी.”

“आन् ह्यो?”

मी मुलाकडे पाहिले, मग त्याच्या बहिणीकडे.

“ह्यो काय तिच्या परकराला बांदल्याली किल्ली हाय व्हय?”

त्या क्षणाचे वर्णन मला अजून नीट करता येत नाही. पायाखालची जमीन वगैरे काही सरकले नाही. उलट सगळे अतिशय स्पष्ट दिसू लागले: ती मुलगी चढताना मी तिच्याकडे पाहिले होते, भावाकडे पाहिले होते, त्याचे टोपडे तिरके झाल्याचेही पाहिले होते, आणि मनात आकडा आला होता एक. चारही बाजूंना चार मोठी माणसे होती. भिंतीलगत डझनभर मुले होती, जी टेकलेल्या हातावरूनही भांडत. कोणीही दोन मोजले नाहीत. कंडक्टर कडेवरचे मूल मोजत नाही, नळावरच्या रांगेत ते मोजले जात नाही, पाहुणे किती आले असे विचारले तर त्यांतही ते येत नाही. कडेवरचे मूल हे ज्याच्या कडेवर असते त्याचाच भाग असते, हे आम्ही सगळे इतके लहानपणी शिकलो की शिकलो हेच विसरून गेलो. शास्त्र शिकताना मला कोणी ते तपासून पाहायला सांगितले नव्हते.

आईने मुलीच्या पाठीत धपाटा घातला. “सटवे, त्याला घेऊन कशाला मेलीस वर?”

“मग कुठं ठेवू त्याला?” मुलगी रडत म्हणाली. “खाली ठेवला असता तर खाटंखाली गेला असता. मग पन मारलं असतंस.”

“तिला नगं मारूस,” म्हातारी म्हणाली. “तूच दिलंस न्हवं तिच्याकडं?”

“वहिनी, मी समोर उभी होते,” मी म्हणाले. “मी तिला थांबवलं नाही. तिचा दोष नाही.”

आई माझ्याकडे वळली. तिचा आवाज मुळीच चढला नाही, हे मला अधिक लागले. “तुमी म्हनला मोडनं शक्य न्हाई. तुमी म्हनला म्हनून म्या चोळलं.”

म्हातारीने मोडक्या टोपलीच्या चार कामट्या काढल्या, कापसात गुंडाळल्या आणि पाय हलू नये असा बांधला. “माजं काम हितवरच,” ती म्हणाली. “वासराचं असतं तर मीच बसवलं असतं. ह्ये वाढीचं हाड हाय. पुन्याला न्या, आत्ताच न्या.”

पुण्याकडे निघालेल्या कारखान्याच्या गाडीत आम्ही बसलो: आई, मांडीवर मूल आणि मी. फिटरला पाळीवरून सुटता आले नाही. खड्ड्याखड्ड्यात मूल कण्हत होते आणि मी मनात गणित मांडत होते. मुलीचे वजन एवढे, मुलाचे एवढे, कापड इतके खाली जाते. कापड सगळा धक्का घेते हे मी म्हटले होते. कापड धक्का घेते, पण तो ठेवून घेत नाही, परत देते. तेवढ्यासाठीच तर ती वस्तू बनवलेली आहे. मुलीने दाबलेले कापड वर येत असताना त्याच्यावर मूल उतरले, तर मुलीच्या वजनाचा तडाखा कोणाला बसेल? हा प्रश्न पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सोडवील. मी तो मांडलाच नव्हता. मी कापडाची ताकद मोजली होती. हाडाची मोजावी हे मला सुचले नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो खिडकीसमोर धरला. गुडघ्याच्या जरा खाली एक बारीक आडवी रेघ होती, काचेवर केस चिकटावा तशी.

“पडला कुठून?”

“पडला नाही,” मी म्हणाले आणि मला माझाच आवाज सहन होईना.

“चोळलं का कोणी?”

मी हो म्हणाले.

“अजून सरकलेलं नाही. आणखी एकदा जोरात पिळलं असतं तर मला खात्री देता आली नसती.” त्यांनी फोटो खाली ठेवला. “जुळेल. पण वाढीच्या जागेच्या फार जवळ आहे. प्लास्टर काढल्यावर पाय टाकतो का, ते पाहायचं. आणि पुढं दोन्ही पाय सारखे वाढतात का, हेही.”

“नाही वाढले तर?” आईने विचारले.

“तर एक आखूड राहील.”

परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली. “पोरगा हाय म्हनून लोक निभावून नेतात, बाई. पन लंगडं ते लंगडंच म्हनतात.”

प्लास्टर असतानाच्या एका संध्याकाळी मी फिटरला म्हणाले की मला एक प्रयोग करायचा आहे. त्याने कारण विचारले नाही. आम्ही मुलीच्या वजनाची वाळूची पिशवी भरली आणि मुलाच्या वजनाची दुसरी. लहान पिशवीत मी वाळूच्या मधोमध, हाडांच्या जागी, दोन सुक्या कामट्या उभ्या रोवल्या. लहान पिशवी कापडावर ठेवली आणि तिच्या शेजारी मोठी टाकली. लहान पिशवी फेकल्यासारखी उडाली आणि खाली आली. चौकटीबाहेर गेली नाही. पुन्हा टाकली. पुन्हा. कितव्यांदा तरी, लहान पिशवी उतरत असताना आणि कापड वर येत असताना, आतून ‘कट्’ असा आवाज आला. अगदी लहान आवाज. पिशवी मात्र कापडाच्या मधोमध, गोणपाटाच्या उशीपासून दूर, सुरक्षित बसलेली होती.

मी पिशवी उघडू लागले. फिटर जमिनीवर बसला होता.

“बाई, बास. नका दाखवू.”

“मला पाहायला हवं.”

“मी समोरच हुतो,” तो म्हणाला. नेहमीची मिस्किली त्याच्या चेहऱ्यावर कोठेही नव्हती. “माझंच पोर. आन् ते उतरलं तवा पोरांच्या संगं मीबी ‘अकरा’ म्हणालो. तोंडानं म्हणालो, बाई.”

दोन्ही कामट्या मोडल्या होत्या. त्याच संध्याकाळी आम्ही चौकटीवरून कापड उतरवले. मुलांनी विचारले तेव्हा मी खरे कारण सांगितले आणि पाटीवरची पहिली ओळ खरवडून काढली. तिच्या जागी लिहिले: शाळेत न जाणाऱ्या मुलाने चढू नये, कडेवरचे मूल आधी मोठ्या माणसाच्या हातात द्यावे, त्या माणसाने दुसरे काही करू नये. चाळीतल्या बायकांना मी ते वाचून दाखवले. एकजण म्हणाली, “मूल धरायला मोकळं माणूस असतं तर पोरीच्या कडेवर दिलंच नसतं की हो.” तिचे म्हणणे बिनतोड होते. असे मोकळे माणूस रविवारीसुद्धा मिळत नव्हते, म्हणून कापड पुन्हा चढवले गेले नाही. वरिष्ठांकडे मी दुसरे टिपण पाठवले, पहिल्यात काय चुकले ते सांगणारे. ते लिहिताना शिफारसपत्राचा विचार आला आणि आल्याची लाज वाटली.

प्लास्टर उतरले तेव्हा आतला पाय बारीक आणि पांढुरका निघाला. मूल तो टाकीना. पहिला दिवस गेला, चौथा गेला. मी सकाळी कामाला जाताना आणि सायंकाळी आल्यावर विचारी, आणि आई नकारार्थी मान हलवी. आठव्या दिवशी मी दारात पाऊल टाकले तो आई ओट्यावर उभी होती, पदर तोंडाला लावून. तिने बोट दाखवले.

मूल भिंतीला धरून चालले होते. डावा पाय टेकत होते, उचलत होते, पुन्हा टेकत होते. भिंत संपली तेव्हा क्षणभर थबकले आणि मोकळ्यातून सरळ त्या रिकाम्या लोखंडी चौकटीकडे निघाले. तिचा खांब धरला आणि बरा झालेला पाय वर चढण्यासाठी उचलला.

मी ओरडले. चाळीत कोणी माझा तसा आवाज ऐकलेला नव्हता. धावत जाऊन मी त्याला उचलले आणि कडेवर घेतले. त्यापूर्वी मी कोणाचेही मूल कडेवर घेतले नव्हते; कसे घेतात तेही ठाऊक नव्हते, कंबर वाकडी करावी लागते हे तेव्हा कळले. केवढे जड होते ते! ते माझ्या हातातून बाहेर झुकत होते, मागे रेलत होते, स्वतःच्या मर्जीने जोर लावत होते. मागून आई हसत होती की रडत होती, मला ओळखता आले नाही.

“घट्ट धरा, बाई,” ती म्हणाली. “लई वळवळतंय.”

तेव्हापासून मी दर तीन महिन्यांनी टेप घेऊन त्यांच्याकडे जाते आणि कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजते. मी दिसले की आई मुलाला हाक मारते, “ऊठ रे, बाई आल्या, सरळ झोप,” आणि मुलगी टेपचे दुसरे टोक धरायला येते. वाढ पूर्ण होईपर्यंत खात्री देता येणार नाही असे डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे अजून पुष्कळ वर्षे. काल मोजले. दोन्ही पाय सारखे भरले. मी टेप सोडला, पुन्हा लावला आणि पुन्हा मोजले.